मेहुणीच्या अनुभवाचा दाखला

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच, आणि दोघींनी जणू आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. एक थांबली की दुसरी सुरू. घरात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. आणि नेमक्या त्याच महिन्यात माझ्या मेहुणीची खुर्ची जायची वेळ आली.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. दोघींत तेरा वर्षांचं अंतर. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायची, "ताईचं बघितलं ना, पुरे झालं." हे ती मी समोर बसलेला असताना म्हणायची, आणि ताई हसायची.

ती एका कॉलेजात प्रवेशाची मार्गदर्शक होती. शाळा संपवून आलेली मुलं आणि त्यांचे आईबाप तिच्यासमोर बसायचे. कोणता विषय घ्यावा, कुठे जागा मिळेल, कुठे मिळणार नाही, हे तिनं त्यांना सांगायचं. मुलं तिला मागून 'नाहीबाई' म्हणायची, कारण तिच्या तोंडातून पहिला शब्द 'नाही' असा निघायचा. 'हो' सुद्धा यायचा, पण मागाहून, जिना चढून दमल्यासारखा.

हे नाही म्हणायचं वळण तिला कॉलेजात लागलेलं नव्हतं. ते लाँड्रीतलं.

मी कामाला होतो ती लाँड्री म्हणजे पुढे काउंटर, मध्ये पडदा आणि पडद्यामागे मी आणि माझी इस्त्री. तिला तिथे मीच चिकटवलं होतं. चौदा वर्षं ती काउंटरवर होती. कपडा आत घेताना चिठ्ठी करायची आणि त्या चिठ्ठीची एक रीत ठरलेली. कपड्यात जे जे बिघडलेलं असेल ते आधी लिहायचं. डावं कोपर विरलेलं. तिसरं बटण नाही. खिशावर शाईचा जुना डाग. कपड्याचं करायचं काय, ते त्याच्याखाली. असं केलं नाही तर न्यायला आलेला माणूस भोकात बोट घालून म्हणणार, हे तुम्हीच पाडलंत.

या कामात मेहुणीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्या देखत कपडा उजेडात धरायची आणि एकेक खोड मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारी चार माणसं उभी असली तरी तिला त्याचं काही नाही. डागावर नख फिरवून म्हणायची, "हा निघणार नाही. निघालाच तर कापड घेऊन निघेल." लोक चिडायचे, कपडा उचलून दुसरीकडे जायचे, आणि आठवड्यानं तोच डाग घेऊन परत यायचे. तेव्हा ती त्यांना बोलायची नाही. नुसतं बघायची. त्यापेक्षा तिनं बोललेलं परवडलं असतं.

कॉलेजचे तेव्हाचे प्राचार्य असेच एकदा कोट घेऊन आले होते. छातीवर शाईचा ओघळ. तीन ठिकाणी त्यांना निघेल म्हणून सांगितलं होतं, हिनं नाही म्हणून सांगितलं. पुढे मालक वारले, लाँड्री बंद पडली, तेव्हा त्या प्राचार्यांनी हिला निरोप धाडला. म्हणाले, "आमच्याकडे निघेल म्हणणारी माणसं भरपूर आहेत. तुम्ही या." आधी अर्जाच्या खिडकीवर बसवलं. तिनं बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली, मग खोली मिळाली, खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत ती अकरा वर्षं बसली होती.

लाँड्रीतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या घरात ती वीस वर्षं गाजत होती. तिच्या काउंटरच्या दिवसांत एकदा दोन काळ्या कोटांची अदलाबदल झाली. एक कोट वकिलाचा, दुसरा बँडमध्ये कर्णा वाजवणाऱ्याचा. वकील भला उंच, कर्णेवाला बुटका. वकील कोर्टात हात वर करून बोलायला लागला आणि बाह्या कोपरापर्यंत सरकल्या. तिकडे कर्णेवाल्याची बोटं बाह्यांतून बाहेरच येईनात. मेहुणी आधी कोर्टात गेली, मग बँडवाल्यांकडे, दोघांची बोलणी खाल्ली आणि कोट बदलून आणले. मालकाला म्हणाली, "माझ्या हातून झालं." मालकानं तिला महिनाभर फैलावर घेतलं.

मी वीस वर्षं सोडलं नाही. कुठल्याही समारंभात काळा कोट दिसला की मी तिला कोपरानं ढोसायचो, "बघ गं, त्याचाच आहे ना? की बदलून आणायचाय?" ती म्हणायची, "पुरे आता भाऊजी." मी कसला पुरे करतो.

तर त्या वर्षी कॉलेजात नव्या प्राचार्यबाई आल्या. तरुण, हुशार, शिस्तीच्या. त्यांनी सगळ्या फायली मागवल्या. मेहुणीची फाईल उघडली तर आत पदवीचा कागद आणि जुन्या प्राचार्यांची दोन ओळींची चिठ्ठी. बाईंनी लेखी हुकूम काढला. मार्गदर्शकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं आपली आधीची व्यावसायिक पार्श्वभूमी कागदोपत्री दाखवावी, आधीच्या ठिकाणचा अनुभवाचा दाखला बंद पाकिटात आणावा, दाखला देणाऱ्यानं स्वतः पाकीट चिकटवलेलं असावं. नाहीतर परत अर्जाच्या खिडकीवर. त्या खुर्चीसाठी दुसरा एक उमेदवार जाड फाईल काखेत मारून तयारच होता.

मेहुणी संध्याकाळी आमच्याकडे आली. एक नात माझ्या मांडीवर रडत होती, दुसरी बायकोच्या. धाकटी लेक आणि जावई स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या उकळत होते.

"भाऊजी, अनुभवाचा दाखला पाहिजे."

"मला? मला कसला अनुभव?"

"तुम्हाला नाही, मला. तुम्ही द्यायचाय."

बायको म्हणाली, "यांनी? यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"मालक गेले, मालकीणबाई गेल्या, त्यांचा मुलगा कुठे आहे कोणाला ठाऊक नाही," मेहुणी म्हणाली. "मालक आजारी होते ती शेवटची दोन वर्षं दुकान भाऊजींनीच चालवलं. म्हणजे माझे वरिष्ठ तेच."

मी नातीला खांद्यावर घेतलं आणि बायकोकडे बघितलं. "ऐकलंस? वरिष्ठ."

"ऐकलं. वरिष्ठांच्या पाठीवर दूध ओकलंय तिनं."

जावई बाटली हलवत बाहेर आला. तो विम्याच्या कचेरीत. पत्रं लिहिण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्यानं उभ्या उभ्याच मजकूर तयार केला आणि वाचून दाखवला. "सदर महिलेनं वस्त्रनिगा क्षेत्रात प्रदीर्घ काळ ग्राहकाभिमुख सेवा बजावताना संवादकौशल्य, समस्यानिराकरण व नेतृत्वगुण यांचा वारंवार प्रत्यय दिलेला असून..."

"ही कोण?" बायकोनं विचारलं.

"मावशीच की."

"हिच्यात नेतृत्व आहे? हिच्या घरातलं मांजर हिचं ऐकत नाही."

मी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला गेलो. दुसऱ्या ओळीत अडकलो, तिसरीत हसू फुटलं. म्हटलं, "जावईबापू, अक्षर फार सुरेख आहे. पण या बाईला मी ओळखत नाही. रस्त्यात भेटली तर वाट सोडून बाजूला होईन."

"ओळखायचं काय कारण आहे?" मेहुणी म्हणाली. "खाली सही करा. डोकं नका लावू."

"खोट्यावर सही करू?"

"खोटं कुठे आहे, बाबा?" जावई म्हणाला. "नुसतं फुगवलेलं आहे."

मेहुणीनं माझ्या हातातून नात घेतली.  मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, थट्टा नंतर करा. मला खिडकीवर बसायची लाज नाही. चार वर्षं बसले तिथे. पण खिडकीतून अर्ज तेवढे दिसतात, माणूस दिसत नाही. सगळे 'घ्या' म्हणतात आणि मी घेते. चुकीचा अर्ज आहे हे दिसत असलं तरी घेते. सत्तेचाळीस वर्षांची झाले मी. समोर बसलेल्या माणसाला खरं सांगणं, एवढं एकच काम मला येतं. ते गेलं तर मग काय राहिलं?"

तेव्हा दोन्ही नाती कशा कोण जाणे, एकदमच गप्प झाल्या.

"पाकीट ठेवून जा," मी म्हटलं. "उद्या नेऊन देतो."

"हाच मजकूर ना?"

"जा तू."

ती समजली, जावयाचाच मजकूर मी उतरवून काढणार. मीही तिचा समज दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी झोपल्यावर मी टेबलाशी बसलो. दाखला म्हणजे काय, याचा विचार केला. आपल्या हातचा माल दुसऱ्याच्या हाती द्यायचा, तेव्हा तो कसा आहे ते लिहायचं. म्हणजे चिठ्ठीच की! आणि मला लिहायला आलं ते चिठ्ठ्यांवरूनच. चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मला आकड्यांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. मग याच मेहुणीनं काउंटरमागे बसून जुन्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि मला शिकवलं. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'डाग' आणि दुसरा 'विरलेलं'. लिहायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. शिवाय ती रीत मला सगळ्यांत भक्कम वाटत होती. खोडी आपणच आधी लिहिल्या की पुढे बोट दाखवायला कोणाला जागा उरत नाही.

दीड तास लागला. सही केली. दाखल्यावर शिक्का पाहिजे असं जावई म्हणाला होता, म्हणून माळ्यावरच्या डब्यातून दुकानाचा शिक्का काढला. दुकान आवरताना तो एकच माझ्याकडे राहिला होता. शाई लावून ठणकन मारला. पाकीट चिकटवलं आणि कॉलेजात जाऊन हेडक्लार्कच्या हातात दिलं.

तीन दिवसांनी फोन आला. प्राचार्यबाईंना दाखल्यातलं काही समजत नव्हतं. दाखला देणाऱ्या गृहस्थांनी सोमवारी अकरा वाजता समक्ष यावं.

सोमवारी मी निघालो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जन्मभर जगाच्या इस्त्र्या केल्यात, तो शर्ट बघा. झोपून उठल्यासारखा दिसतोय." शर्ट काढायला लावला, इस्त्री केली आणि घालायला दिला. कॉलरला चुणी तशीच होती. मी बोललो नाही.

कॉलेजच्या लांब व्हरांड्यात मला बाकावर बसवलं. समोरच मेहुणीची खोली. दार अर्धं उघडं. आत एक मुलगी आणि तिचा बाप बसले होते.

"नाही," मेहुणीचा आवाज आला.

"अहो, अर्ज तर बघा," बाप म्हणाला.

"बघितला. गणितात काठावर पास. तिन्ही वर्षं काठावरच. इंजिनिअरिंगला रोज उठून गणितच आहे."

"शिकवणी लावीन मी."

"कोणाला? तिला विचारलंत का?" मग मुलीला, "तू सांग. शाळा सुटल्यावर घरी जाऊन दप्तरातून पहिलं पुस्तक कोणतं काढायचीस?"

मुलगी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल, तुझे वडील इथेच आहेत, खाणार नाहीत."

"भूगोल."

"भूगोल!" बाप म्हणाला. "भूगोलानं पोट भरतं का?"

"तुम्ही काय करता?"

"ट्रक चालवतो."

"मग तुमचं कशानं भरतं?" मेहुणी म्हणाली.

बाप हसला की खोकला ते मला कळलं नाही. मग अर्जावर काहीतरी खोडल्याचा आणि पुन्हा लिहिल्याचा आवाज आला. मुलगी बाहेर पडली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नव्हता. बापाचा होता, पण तोही पायऱ्या उतरताना तिला विचारत होता, "नकाशे काढायची नोकरी असते का गं?"

इतक्यात हेडक्लार्कनं आम्हा दोघांना आत बोलावलं. मला बघून मेहुणीच्या कपाळावर आठी चढली. "तुम्ही इथे कसे?" ती कुजबुजली.

"बोलावलंय."

"का?"

"वरिष्ठ आहे ना मी."

प्राचार्यबाईंच्या टेबलावर काच होती, काचेवर एकच कागद होता आणि तो माझा होता. बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाल्या, "काका, हा दाखला तुम्हीच लिहिलात?"

"हो बाई."

"मी वाचते. कुठे चुकले तर सांगा." आणि त्यांनी वाचायला घेतलं.

"अनुभवाचा दाखला. एक नग. खोडी : बोलणं तिखट. पहिला शब्द नाही. धीर धरवत नाही. वेळेवर येते, पण वेळेवर आले हे दिवसभर ऐकवते. एका गिऱ्हाइकाला रडवलं. दोन काळे कोट बदलले, चूक तिची, जाऊन बदलून आणले."

मेहुणीनं माझ्याकडे बघितलं. लाँड्रीत परत आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायची ना, तसं.

बाई पुढे वाचत होत्या. "काम : चौदा वर्षं काउंटर. जे निघणार नाही ते आधी सांगते. न सांगता कपडा आत घेतला असं एकदाही झालं नाही. निघण्यासारखं असलं तर सोडत नाही, दहा वेळा आत येऊन पुन्हा धुवायला लावते. घेणाऱ्यानं बघून घ्यावी." बाई थांबल्या. "आणि खाली हा शिक्का आहे. 'तीन महिन्यांत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार नाही.'"

हेडक्लार्क खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"दुसरा शिक्का उरला नाही बाई," मी म्हटलं.

"शिक्क्याचं असू दे. पण काका, दाखल्यात माणसाचं चांगलं लिहितात. इथे आधी सगळं वाईट आहे. तुम्हाला यांना नोकरीवर ठेवायचं आहे की काढायचं आहे?"

मी चिठ्ठीची रीत त्यांना समजावून सांगितली. खोडी आधी, काम नंतर. बाईंनी ऐकून घेतलं, पण पेन हातातलं खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "रीत कळली. पण लिहिलंय ते खरं आहे का? या खोलीत एका मुलाचा अर्ज दुसऱ्याच्या फायलीत गेला तर त्या मुलाचं वर्ष जातं. कोटांची अदलाबदल झाली, चूक यांची. असं तुम्ही सही करून लिहिलंय." त्यांनी मेहुणीकडे मान वळवली. "हे खरं आहे?"

मला तेव्हा कळलं, मी काय करून बसलो होतो. गंमत म्हणून वीस वर्षं ऐकवलेली गोष्ट त्या काचेवर गुन्ह्यासारखी पडली होती.

मेहुणी खुर्चीत पुढे सरकली. 

"बाई, एकदाच झालं ते," मी मध्ये तोंड घातलं. "चौदा वर्षांत एकदाच. काउंटरवर गर्दी होती, हिनं घाईत एकाचा कोट दुसऱ्याला..."

"खुंटीला कोणी टांगले होते?" मेहुणी म्हणाली.

"काय?"

"ते दोन कोट. इस्त्री झाल्यावर चिठ्ठी लावून खुंटीला कोणी टांगले होते, भाऊजी?"

"मीच टांगायचो. पण नंबर बघून टांगले होते मी. अडतीस नंबर."

"दोन्ही अडतीस होते! शंभरचं चिठ्ठीबुक संपलं की दुसरं एकापासून सुरू व्हायचं. एक अडतीस जुन्या बुकातला, एक नव्यातला. म्हणून नंबराखाली मी नाव लिहायचे. खाली नाव होतं. वकिलाच्या चिठ्ठीवर वकिलाचं, कर्णेवाल्याच्या चिठ्ठीवर कर्णेवाल्याचं. तुम्ही चिठ्ठ्या काढून ठेवल्यात, इस्त्री केलीत आणि उलट्या लावल्यात. मी चिठ्ठी वाचून कोट दिले. माझं काय चुकलं?"

 नाव मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मालकाला ते माहीत नव्हतं, मी कधी कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. घरात तेव्हा तीन पोरं होती, धाकटी दहा वर्षांची. तीच, जिला आता जुळं झालं होतं.

"तू मालकाला म्हणालीस की माझ्या हातून झालं," मी म्हटलं.

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"आणि मग आठ दिवसांनी म्हणालीस, भाऊजी, चिठ्ठ्या वाचायला शिका, मला एकटीला काम उरकत नाही."

"मग? कोट आणखी किती वेळा बदलून आणायचे होते मी?"

हेडक्लार्क आता हसत नव्हता. प्राचार्यबाईंनी पेन बंद केलं. थोड्या वेळानं त्यांनी तो कागद उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला. "काका, तुमच्या दाखल्यात चूक आहे. दुरुस्त करता?"

मी खिशातला चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. मेहुणीनं काढून डोळ्यांवर लावला, जरा जोरातच. मी 'चूक तिची' यातला दुसरा शब्द खोडला आणि वर 'माझी' लिहिलं.  खोडलेल्या जागी पुन्हा सही केली, तीही लाँड्रीची रीत होती.

बाईंनी कागद उचलून पुन्हा सगळा वाचला. मग मेहुणीला म्हणाल्या, "या गृहस्थांना सांभाळण्यासाठी तुम्ही मालकाशी खोटं बोललात. माझ्याशी तसं बोलाल?"

"तुमच्यामुळे कोणाची भाकरी जाणार असेल तर सांगता येत नाही," मेहुणी म्हणाली.

मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं. नाहीबाईनं स्वतःलाच नाही म्हणून टाकलं.

बाईंनी कागदावर 'जे निघणार नाही ते आधी सांगते' या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी कागद हेडक्लार्ककडे दिला. "फाईलला लावा. आणि दुसऱ्या उमेदवारांना कळवा, जागा रिकामी नाही." मेहुणीला म्हणाल्या, "बाहेर किती मुलं बसलीत बघा जरा. इथे काय करताय?"

मेहुणी उठली ती सरळ दाराबाहेर. मला वाटलं, दारात थांबेल, काहीतरी म्हणेल. नाही. मी बाहेर आलो तेव्हा तिच्या खोलीचं दार लागलेलं आणि आतून आवाज, "नाही."

त्यानंतर आठ दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. रोज यायची, नाती घ्यायची, ताईशी बोलायची. मला काही सांगायचं असलं तर ताईला सांगायची, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं सरक तिकडे, पंखा अडतोय." बायकोला मी सगळं सांगितलं होतं. तिनं माझी बाजू घेतली नाही. उलट मीठ चोळलं. म्हणाली, "वीस वर्षं कोपरानं ढोसत होतात ना तिला? बरगडी शाबूत राहिली हे नशीब."

नवव्या दिवशी मेहुणी आली ती हातात कॉलेजचं पत्र घेऊन. खुर्ची कायम झाल्याचं. ते तिनं ताईला दिलं नाही, माझ्यासमोर धरलं. "वाचा."

मी सगळं वाचलं. पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत, मोठ्यानं. कुठे अडखळलो नाही. मग म्हटलं, "एक विचारू?"

"नाही."

मी तरी विचारलं. "वीस वर्षं मी तुला सगळ्यांसमोर चिडवत होतो. एकदाही का नाही म्हणालीस की चूक तुमची होती म्हणून?"

तिनं पत्राची घडी घातली. "म्हणणार होते. पहिल्या वर्षी रोज म्हणणार होते. पण चिडवताना तुम्ही इतके खूश असायचात. आणि भाऊजी, तुम्हाला दुसरा विनोद येतो कुठे?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "खरं आहे गं बाई."

मग आम्ही चहा घेतला. पोरी रडतच होत्या.

त्या खुर्चीत मेहुणी पुढे आणखी अकरा वर्षं बसली. प्राचार्यबाई तिच्याआधी बदलून गेल्या, जाताना हिला भेटायला घरी आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. वरच्या खोलीत राहायची, दुपारी ओळखीपाळखीची मुलं अर्ज घेऊन यायची, ती जिन्यातूनच नाही म्हणायची. पाचव्या वर्षी फुप्फुसाचं दुखणं लागलं. सहा आठवडे दवाखान्यात होती.

ती वारली त्याला आता दोन वर्षं झाली. मार्चमधला मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. वय त्रेसष्ट. ताई आणि मी जवळ होतो.